हिरव्या पाण्यातले शिंपले : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

मॅडम म्हणाल्या, लॅबच्या रजिस्टरात फक्त आकडे लिही, डोक्यातलं बाकी सगळं वेगळ्या वहीत. म्हणून ही वही.

विषय मंजूर करताना समितीतल्या एका सरांनी पहिलाच प्रश्न टाकला होता, "नाशकात समुद्र कुठाय? तिसऱ्यासुद्धा बर्फात घालून मुंबईहून येतात. शिंपल्यांवरचं काम इथे कशाला?" तेव्हा चाचरत काहीतरी बोलले. आता नीट लिहून ठेवते.

विषारी शेवाळ फक्त खाऱ्या पाण्यात वाढत नाही. समुद्रात अलेक्झांड्रियम, डायनोफायसिस, करेनिया असतील, तर आपल्या नदीत, तळ्यात मायक्रोसिस्टिस आहे. शिंपल्याचा धंदा दोन्हीकडे एकच. पाणी आत घ्यायचं, गाळायचं, बाहेर सोडायचं. पाणी बिघडलं म्हणून माशासारखं पळून जाता येत नाही. झाकण मिटून बसायचं किंवा आतल्या आत जनुकांचं काम वरखाली करायचं, एवढंच त्याच्या हातात. त्यातलं दुसरं मला मोजायचं आहे.

कामाचे दोन भाग. एक, दारणा नदीतले लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोत्यांसाठी पाळतात तेच काळपट शिंपले, हिरव्या पाण्यात ठेवून बघायचे. दोन, समुद्री कालवांवर इतरांनी केलेल्या प्रयोगांची आरएनए माहिती (कुठलं जनुक किती कामात होतं ते सांगणारी) सगळ्यांसाठी खुली आहे, ती उतरवून स्वतः तपासायची. दुसऱ्या भागाला समुद्र लागत नाही, इंटरनेट लागतं. ते नाशकात आहे. बहुतेक वेळा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर वाचन. भारतातल्या घटना आधी काढल्या. १९८१ मध्ये तमिळनाडूत शिंपले खाऊन तीन जण गेले. १९९७ मध्ये केरळात विळिंजमला सात जण गेले आणि पाचशेच्या आसपास लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. दोन्हीकडे दोष लकवा आणणाऱ्या विषाकडे गेला. यातलं मुख्य विष सॅक्सिटॉक्सिन. मज्जातंतूतल्या सोडियमच्या वाटेत ते बूच बसवल्यासारखं अडकतं आणि संदेश थांबतो. उकळून जात नाही. मांसाच्या १०० ग्रॅममध्ये ८० मायक्रोग्रॅम ही खाण्यासाठीची मर्यादा. हे नावसुद्धा सॅक्सिडोमस या शिंपल्यावरूनच पडलं. तो हे विष अंगात दोन-दोन वर्षं बाळगू शकतो.

मग प्रश्न आलाच. शिंपल्यालाही मज्जातंतू आहेत, तर त्याला लकवा का होत नाही?

होतो. सगळ्यांना नाही, एवढंच. कॅनडाच्या फंडी उपसागरात अलेक्झांड्रियमचा फुलोरा, म्हणजे एकदम भरमसाट वाढ, वरचेवर येतो. तिथल्या माया अरेनारिया या शिंपल्यांवरचं काम २००५ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. त्यांच्या सोडियम वाहिनीच्या प्रथिनात एकाच जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ॲस्पार्टिक आम्ल बसलेलं निघालं. तेवढ्याने विषाची पकड हजारपटीने ढिली होते. जिथे असा फुलोरा येत नाही तिथले शिंपले त्याच विषाने लुळे पडतात, चिखलात पाय रोवता येत नाही त्यांना. फंडीचे मात्र निवांत गाळत बसतात आणि विष साठवत जातात. म्हणजे जो शिंपला ठणठणीत तोच खाणाऱ्याच्या जिवावर उठणारा. हे वाचून पुस्तक मिटलं आणि चहा प्यायला गेले.

रात्री फोनवर आईला हे सांगताना घोळ झाला. तिला वाटलं, विष लागलं की जनुकं बदलतात. म्हटलं, नाही गं. मसाल्याचा डबा तोच असतो, आज फोडणीत काय आणि किती पडलं ते मी बघणार. ती फोडणी म्हणजे आरएनए. फंडीच्या शिंपल्यांची गोष्ट वेगळी, तिथे डब्यातला एक मसालाच बदललाय आणि तो लेकीबाळींकडे तसाच जातोय. आई म्हणाली, "मग तुझ्या दारणेच्या शिंपल्यांचा डबा कुठला ते आधी बघ." बरोबर आहे तिचं. पण तेवढे पैसे प्रकल्पात नाहीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती, कॉलेज बंद. घरूनच कालवांची माहिती उतरवायला लावली. चौक जवळ, ढोल दुपारपासून. संध्याकाळपर्यंत निम्म्या फायली आल्या. दोन तुटक्या.

८ मार्च, शनिवार

आज शिंपले आणले.

दारणेच्या काठावरचे एक भोई काका बरोबर होते. काठावरून काहीच दिसत नाही. काका अनवाणी पाण्यात उतरले, गुडघाभर पाण्यात गाळात पाय घोळवत चालले आणि चालता चालता वाकून एकेक उचलत गेले. "ताई, डोळ्यांनी नाय, अंगठ्यानं बघायचं. दगड गोल लागतो, शिंपला धारंला लागतो." मी उतरले. पहिल्या दहा मिनिटांत तीन दगड आणि बाटलीचं एक झाकण. मग एकदम अंगठ्याखाली ती कड लागली. तो गाळात उभा रुतलेला असतो, मागचं टोक वर, जेमतेम बोटभर. हात लावल्यावर आतून पाण्याची पिचकारी मारून मिटला.

एकूण ६० घेतले. ओल्या गोणपाटात गुंडाळून, पाण्यात न बुडवता आणले. बुडवून आणले तर वाटेतला प्राणवायू संपवतात. ओल्या फडक्यात मिटून तासन्तास राहतात.

लॅबमध्ये मोजमाप. काहींच्या कवचाच्या शेंड्याचा काळा पापुद्रा झिजून आतला मोतिया रंग उघडा पडलाय. टीवायची एक मुलगी मदतीला आहे, तिला झाकण पाचरीने किंचित फाकवून माद्या ओळखायला शिकवलं. पोटुशी मादी बाहेरच्या कल्ल्यात पिल्लं वागवते, कल्ला फुगून जाड दिसतो. ही पिल्लं पुढे माशाच्या कल्ल्याला, पराला चिकटून परोपजीवी म्हणून काही दिवस काढतात. अशा सहा निघाल्या. त्यांना प्रयोगातून वगळलं, कारण त्या कल्ल्यातून आरएनए काढला तर तो आईचा की पोरांचा हे कळणार नाही. काका पुढच्या फेरीला त्यांना नदीत सोडतील.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडल्या आहेत, रस्ते बंद. लांबून वळसा घालून लॅबला पोचले तर आत वास. सात मेलेले. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन घालवत होतो, परवा कुणीतरी ताजंच ओतलं. कुणी ते विचारलं नाही. मी नव्हते, एवढं नक्की.

४७ उरले.

२६ मार्च, बुधवार

हिरवं पाणी मिळालं. निफाडकडच्या एका गावतळ्यावर आठवड्यापासून "साय धरलीय" असं कळलं होतं. खरंच साय. वाऱ्याच्या दिशेच्या कोपऱ्यात हिरवा रंग सांडून वाळायला ठेवल्यासारखा थर. शेळ्या नेमक्या त्याच कोपऱ्यात पाणी पीत होत्या. शेळीवाल्या आजींना म्हटलं, समोरच्या काठाला पाजा. त्या म्हणाल्या, तिकडं उतार नाय. पण वळवल्या.

ओळखायची घरगुती युक्ती आहे. पाणी काचेच्या बरणीत रात्रभर न हलवता ठेवायचं. साधं हिरवं शेवाळ बऱ्याच वेळा तळाशी बसतं किंवा पाण्यात पसरून राहतं. मायक्रोसिस्टिसच्या पेशीत हवेच्या सूक्ष्म पुटकुळ्या असतात, ते वर येऊन तरंगतं. सकाळी बरणीच्या गळ्याशी बोटभर हिरवा पट्टा आणि खाली जवळजवळ नितळ पाणी. सूक्ष्मदर्शकाखाली ओबडधोबड पुंजके, मध्ये भोकं असलेल्या जाळीसारखे.

पण मायक्रोसिस्टिस आहे म्हणजे विष आहेच असं नाही. त्याचं विष मायक्रोसिस्टिन, ते बनवणारा दहा जनुकांचा एक संच आहे, कुणाकडे असतो, कुणाकडे नसतो, एकाच तळ्यात दोन्ही सापडतात. त्यातल्या एका जनुकासाठी पीसीआर, म्हणजे ते जनुक आहे का हे शोधणारी चाचणी, लावली. पट्टी आली, चांगली जाड. विष किती आहे ते यावरून कळत नाही, बनवायची सोय आहे एवढंच कळतं. प्रमाणासाठी नमुना बाहेर पाठवला. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, तेव्हा गावात काय सांगायचं तेही निकालावर ठरेल. तोवर ते पाणी पिऊ नका, उकळूनही उपयोग नाही, एवढं सरपंचांना फोनवर सांगून टाकलं.

हे विष पेशीत शिरलं की दोन फॉस्फटेज एन्झाइमांना धरून बसतं. त्याची विल्हेवाट लावायला पेशी त्याला ग्लुटाथायोन चिकटवते, म्हणजे विरघळून बाहेर टाकणं सोपं जातं. हे चिकटवणारं एन्झाइम जीएसटी. म्हणून पाचकग्रंथीत मोजायची जनुकं ठरली: जीएसटी, कॅटलेज (पेशीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) आणि एचएसपी ७०. शेवटचं प्रथिन कुठल्याही ताणात घडी बिघडलेली प्रथिनं सावरतं.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी नऊला सुरुवात. तीन टब. अ मध्ये साधं पाणी, ब मध्ये क्लोरेला हे बिनविषारी हिरवं शेवाळ, क मध्ये तळ्याचं पाणी. प्रत्येकी १२ शिंपले, पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर. क्लोरेला अशासाठी की नुसतं खायला मिळाल्याने जनुकं हलली तर ते वेगळं दिसावं. ६, २४ आणि ७२ तासांनी प्रत्येक टबमधले चार उघडायचे.

क मध्ये पाणी ओतल्यावर पाचेक मिनिटांत बहुतेकांनी झाकणं मिटली. मग एकेक हळूच किलकिले झाले. दुपारपर्यंत टबच्या तळाशी हिरव्या शेवयांसारखे लांबट गोळे. विष्ठा नव्हे ती. नको असलेला माल तोंडात न घेता चिकट स्रावात गुंडाळून तसाच बाहेर टाकतात. अमेरिकेच्या मोठ्या तळ्यांत झेब्रा शिंपले मायक्रोसिस्टिस असंच थुंकतात आणि बाकीचं शेवाळ खाऊन टाकतात, त्यामुळे उलट मायक्रोसिस्टिसचं रान मोकळं होतं. आमचेही तेच करताहेत हे बघून टीवायवाली आणि मी टबवर ओणव्या होऊन तासभर बसलो.

क मधला २७ नंबर दिवसभर मिटलेलाच. रजिस्टरात शेरा मारला.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. पंचवटीत पाय ठेवायला जागा नाही, काळारामाच्या दर्शनाची रांग पार लांबपर्यंत. शेवटचे १२ शिंपले उघडले.

परवा रात्री वीज गेली होती, ते इथे लिहून ठेवायलाच हवं. पावणेदोन ते जवळजवळ सात. हवेचे पंप बंद, एसी बंद. तापमापकात पाण्याची नोंद २७ अंशांवरून ३३ वर गेलेली दिसते. एक मेला नाही, पण ७२ तासांच्या नमुन्यावर माझा आता पूर्ण विश्वास नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

आज भांडण झालं, ईमेलवर.

आरएनए तपासायला ज्या प्रयोगशाळेत पाठवला होता तिने सगळेच्या सगळे नमुने नापास केले. "पूर्ण विघटित, पुन्हा पाठवा, शुल्क वेगळं." अहवालात आलेखाचं चित्र होतं. चांगल्या आरएनएत दोन उंच शिखरं दिसतात, १८ एस आणि २८ एस, म्हणजे रायबोसोमचे दोन मोठे आरएनए. आमच्यात एकच, १८ एसच्या जागी. मी रडकुंडीला आले. ३६ शिंपले, परत कुठून आणू?

मॅडमनी चित्र बघितलं आणि हसल्या. "खालची जमीन बघ. सपाट आहे. आरएनए कुजला असता तर इथे तुकड्यांचा उतार दिसला असता." मग त्यांनी समजावलं. बऱ्याच कीटकांत आणि मृदुकाय प्राण्यांत २८ एसच्या मधोमध मुळातच एक छुपा काप असतो. दोन अर्धुकं नुसत्या हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. तपासण्याआधी नमुना तापवला की ती सुटतात, आणि दोन्ही अर्धुकं नेमकी १८ एसच्या मापाची. मग तीन तुकडे एकाच जागी, एकच शिखर. माणसाच्या आणि उंदराच्या आरएनएसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर २८ एस शोधतं, सापडत नाही, नापास करतं.

दुपारी स्वतः करून बघितलं. २७ चाच नमुना, अर्धा ७० अंशांवर दोन मिनिटं तापवून, अर्धा तसाच, शेजारी शेजारी जेलवर. तापवलेल्यात एक पट्टी, न तापवलेल्यात दोन. फोटो काढून प्रयोगशाळेला पाठवला. उत्तर आलं, "आमच्या कार्यपद्धतीनुसार नमुना नापासच राहील." ठीक आहे. क्यूपीसीआर, म्हणजे कुठल्या जनुकाचा आरएनए किती ते मोजणारी चाचणी, आपल्याच यंत्रावर करू.

२ मे, शुक्रवार

क्यूपीसीआरचे आकडे. या यंत्रात संख्या उलटी वाचायची. जितक्या कमी फेऱ्यांत जनुक दिसतं तितका त्याचा आरएनए जास्त, आणि दर फेरीला साधारण दुप्पट. म्हणजे तीन फेऱ्यांचा फरक जवळजवळ आठपट.

एचएसपी ७० : ६ आणि २४ तासांना तिन्ही टब सारखे. ७२ तासांना तिन्ही टब वर. साध्या पाण्यातलेही. हा मायक्रोसिस्टिसचा परिणाम नाही, विजेचा आहे. प्रयोग शेवाळावर केला आणि भारनियमन मोजलं.

कॅटलेज : काहीच धड नाही. शिंपल्याशिंपल्यात इतका फरक की टबांमधला दिसतच नाही.

जीएसटी : क टब, २४ तास, चारपैकी तिघांत वर, तीन फेऱ्यांच्या आसपास. चौथा थंड, अगदी साध्या पाण्यातल्यासारखा. पिपेटची चूक समजून तो पुन्हा लावला. पुन्हा थंड.

डोक्यात लगेच फंडीचे शिंपले आले. हा वेगळ्या डब्याचा तर नाही? याची वाहिनी, याचं एन्झाइम काही निराळं? अर्धा तास स्वतःवर भारी खूश होते. मग रजिस्टर उघडलं. चौथा म्हणजे २७ नंबर. आरएनएच्या गडबडीत लक्षातच आलं नव्हतं. पुढे माझ्याच अक्षरात: "दिवसभर मिटलेला."

त्याने काही घेतलंच नव्हतं. जीएसटी कशाला चढेल?

१४ मे, बुधवार

कालवांची माहिती अखेर पूर्ण लावून झाली. आलेखावर नमुने पसरले आणि वाटलं होतं की विषारी शेवाळाचे एकीकडे, साधे दुसरीकडे असे ढीग पडतील. ढीग पडले, पण टाकीप्रमाणे. एका टाकीतली कालवं एकमेकांसारखी, शेवाळ कुठलंही असो. त्या लोकांनी निदान प्रत्येक गटाला तीन-तीन टाक्या ठेवल्या होत्या, म्हणून टाकीचा परिणाम वजा करता येतो. माझा प्रत्येक गट एकाच टबात. १२ शिंपले असले तरी खऱ्या अर्थाने नमुना एकच. हे मला मार्चमध्ये कुणी का सांगितलं नाही? मॅडम म्हणतात, सांगितलं होतं. असेल.

दुसरी गोम एचएसपी ७० ची. पॅसिफिक कालवाचा जनुकसंच २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे २८ हजार जनुकं. त्यांत एचएसपी ७० एक नाही, ८८ आहेत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कधी उन्हात, कधी पाण्यात काढायचे दिवस, म्हणून बहुधा एवढी शिबंदी बाळगलीय. मग माझा प्रायमर, म्हणजे जनुक पकडायला वापरतो तो डीएनएचा छोटा तुकडा, दारणेच्या शिंपल्यात त्यांच्यापैकी नेमका कुणाला पकडतोय? एकाला की दहांना? भूमध्य समुद्रातल्या मायटिलस शिंपल्यांच्या बाबतीत तर २०२० मध्ये दिसलं की जवळपास वीस हजार जनुकं काही शिंपल्यांत असतात आणि काहींत नसतातच. आपल्या कोकणातल्या हिरव्या शिणाण्यांचा जनुकसंच कोचीच्या सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) लावलाय, डीएनएची ७२३ दशलक्ष अक्षरं, १५ गुणसूत्रांत. दारणेच्या शिंपल्यासाठी मी शेजाऱ्याचा नकाशा घेऊन फिरतेय.

२८ मे, बुधवार

पाऊस मेमध्येच. शेतात काढून ठेवलेला कांदा भिजला, निफाडकडे लोक रडकुंडीला आलेत. गावतळं भरून वाहिलं, साय गेली. दुसऱ्या फेरीचं हिरवं पाणी पावसाळा संपेपर्यंत विसरायचं. फ्रीजरमध्ये मार्चचं थोडं आहे, पण गोठवून पेशी फुटतात, ते वापरणार नाही.

विषाच्या प्रमाणाचा अहवाल अजून नाही.

९ जून, सोमवार

काकांचा फोन. नदीला गढूळ पाणी आलंय, शिंपले हवे असतील तर आत्ताच, पुढे उतरता येणार नाही. बोलता बोलता म्हणाले, "ताई, आम्ही ल्हानपणी हे भाजून खायचो. उघडला तर चांगला, नाय उघडला तर फेकायचा. तुमी त्यांना ते हिरवं पाजलं, तरी जितेच ना? मंग खायला काय हरकत?"

म्हटलं, काका, जिता आहे म्हणून तर भीती. मेला असता तर तुम्ही फेकलाच असता. हिरव्या पाण्यातला जो सगळ्यात जास्त उघडा राहिला, त्याच्याच पोटात सगळ्यात जास्त साठलेलं असणार. काका थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे मिटून बसला तो शहाणा."

शहाणा की नुसता घाबरट, ते मला माहीत नाही. पण पुढच्या फेरीत प्रत्येक शिंपला किती वेळ उघडा होता हे मोजल्याशिवाय एकाचाही आरएनए काढायचा नाही, एवढं ठरलं. फ्रान्समध्ये आर्काशोंला कालवांच्या दोन झाकणांना हलके इलेक्ट्रोड चिकटवून वर्षानुवर्षं ही उघडझाप नोंदवतात. तेवढं महागडं नको. एका झाकणाला छोटा चुंबक, दुसऱ्याला हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक किती जवळ आहे ते ओळखणारा. एमजी रोडवरून दहा सेन्सर आणले, चुंबक तिथेच मिळाले. नऊ टब, तीन गटांना तीन-तीन. पंपांसाठी इन्व्हर्टर मागितलाय, अर्जावर सही झालेली नाही.

१३ जून, शुक्रवार

पहिला चुंबक चिकटवला. कवच ओलं होतं, निघाला. स्पिरिटने पुसून, वाळवून पुन्हा. टीवायवालीने शिंपला धरला, मी सेन्सर. पाण्यात सोडल्यावर पडद्यावरची रेघ वीस मिनिटं सपाट. वाटलं वायर तुटली. मग रेघ हळूहळू वर चढली, थांबली, आणखी चढली. टबात वाकून बघितलं. कडेची मऊ झालर बाहेर आली होती.

साध्या पाण्यात दुपारी ३.१० ते ५.४५ उघडा. मध्ये दोनदा मिटला, एकदा मी टेबलाला धक्का दिला तेव्हा. दुसऱ्यांदा का, ते कळलं नाही.